आई इटालियनमध्ये दमली

आमच्या घरात दमायची पद्धत नव्हती. दमत सगळेच होते, पण तसं तोंडाने बोलायचं नाही. बाबा ओझरच्या विमानाच्या कारखान्यात होते. पाळी संपवून कंपनीच्या बसमधून उतरले की ते आमच्या ओट्याच्या खांबाला असे टेकायचे की खांबालाच त्यांची दया यावी. काय झालं विचारलं तर म्हणायचे, "काही नाही, जरा ऊन लागलं." रात्रपाळी करून पहाटे आले तरी म्हणायचे, "जरा ऊन लागलं."

आणि आई म्हणजे या बाबतीत बाबांची गुरू. सातपूरला कारखान्यांच्या मागच्या वस्तीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिची खानावळ होती. सुरगाण्याची, इगतपुरीची, धुळ्याकडची कामगार पोरं दोन्ही वेळा जेवायला असायची. तिने थापलेल्या भाकरी एकावर एक रचल्या असत्या तर पांडवलेण्याच्या डोंगराला मान खाली घालावी लागली असती, आणि हे मी कमी करून सांगतोय. दूधवाल्याला उठवायला तीच जायची म्हणे. दुपारी सगळ्यांची पानं उचलून झाली की उभ्यानेच चार घास पोटात ढकलायची आणि संध्याकाळच्या भाजीला लागायची. "आई, दमलीस का गं?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर, "मला काय धाड भरलीय?" नवी नवरी असताना एकदा चुकून 'दमले' म्हणाली होती. सासूबाईंनी विचारलं, "का गं, नांगर ओढलास?" त्या दिवशी तिने तो शब्द जो टाकला तो टाकलाच.

नव्वदचं दशक सरत आलं, तेव्हा मात्र हे धाड न भरणं आमच्या अंगाशी यायला लागलं. आईचा चेहरा ज्वारीच्या पिठासारखा पांढरा पडत चालला. ओट्याच्या पायऱ्या चढली की ती दाराची चौकट धरून उभी राहायची आणि कुणी पाहिलं तर चौकटीवरची धूळ पुसल्यासारखं करायची. मी तिला ओढत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे न्यायचो. डॉक्टर विचारायचे, "काकू, थकवा?" "छे." "धाप लागते?" "नाही हो." "चक्कर?" "मला काय धाड भरलीय?" पेशंटच म्हणतोय काही होत नाही, मग डॉक्टरांनी काय खुर्ची तपासायची? ते लाल औषधाची बाटली द्यायचे. बाटल्या फडताळात जमत गेल्या आणि आई रोज थोडी थोडी कमी होत गेली. तिच्या तोंडून एक शब्द वदवायचा होता, आणि तो कसा वदवायचा हे आम्हा बापलेकांना काही केल्या सुचत नव्हतं.

तिथे इटली कामी आली.

मी तेव्हा अंबडला एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होतो. गोळ्या पाकिटात बसवणारं नवं मशीन इटलीहून आलं, रेल्वेच्या डब्याएवढं. ते बसवायला मागून एक माणूस आला, तो मशीनपेक्षा थोडासाच लहान. पन्नाशीचा, केस पिकलेले, मिशा मात्र काळ्याकुट्ट. तो अंबडला शिंकला की त्र्यंबकची माकडं झाडावरून पडायची. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "इंग्रजी कोणाला येतं?" माझा हात वर होता, कारण मी पंख्याचं बटण लावत होतो. तेवढ्यावर मी दुभाष्या झालो. पुढे कळलं की पाहुण्याचं इंग्रजी माझ्याहून बारीक आहे, त्यामुळे आमचं फार छान जमलं. दोघांचंही इंग्रजी पहिल्या चहाबरोबर संपलं. नंतर तो इटालियन बोलायचा, मी मराठी, आणि मधल्या खड्ड्यात दोघांचे हात.

पहिल्याच दिवशी पोरं मशीन ढकलत होती आणि हा ओरडायला लागला, "दाई! दाई! दाई!" पोरं थबकली. एकाने मला विचारलं, "कोण बाळंत होतंय रं?" त्यांच्यात 'दाई' म्हणजे चला, लावा जोर. ते मला तेव्हा माहीत नव्हतं. पण दुभाष्याने माहीत नाही म्हणायचं नसतं. मी सांगितलं, "मशीनच बाळंत होतंय. लावा जोर!" पोरांनी असा काही जोर लावला की मशीन एका दमात जागेवर बसलं आणि माझं भाषांतर अचूक ठरलं.

दुपारी साहेब येऊन काम कसं चाललंय म्हणून विचारू लागले, तर पाहुण्याने सगळ्या पोरांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "बेने! बेने!" आता आमच्याकडे एखाद्याला बेणं म्हणणं म्हणजे काय ते वाचणाऱ्यांना सांगायला नको. सुरगाण्याचा एक पोरगा, आमच्याच खानावळीत जेवणारा, पाना घेऊनच पुढे आला. "आमाला बेनं म्हनतो काय हा?" मी मध्ये पडलो, "अरे, छान म्हणतोय, छान!" "मंग छान म्हनावं ना सरळ." आठवडा गेला नाही तोच ती पोरं एकमेकांना हाक मारायला लागली, "काय बेण्या, बेने का?"

हॉटेलवाले त्याला परदेशी जेवण म्हणून जे काही खाऊ घालत होते त्याने त्याचं पोट बिघडलं. म्हणून एका संध्याकाळी मी त्याला वरणभात खायला घरी आणलं. आमच्या ओट्यावर तो धप्पकन बसला, दोन्ही हात पसरले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आऽऽ! सोनो स्तांको मोर्तो!"

आतून आई पळत आली. "अरे, मरतो म्हणतोय तो!"

"आई, तसं नसेल गं..."

"मला काय कानाने ऐकू येत नाही? मोरतो, मोरतो म्हणाला! अहो, कांदा आणा आधी!"

बाबांनी बुक्कीने कांदा फोडून त्याच्या नाकाला लावला. शेजारणीने कापूर आणला. कुणीतरी तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. तो बिचारा नाकाशी कांदा, डोळ्यांत पाणी अशा अवस्थेत "नो, नो" करतोय, आणि आई गल्लीला सांगतेय, "बघा हो, रडतोय. घरची आठवण आली असेल."

शेवटी तो उठला आणि त्याने नाटक करून दाखवलं. मशीन ओढलं, घाम पुसला, खांदे पाडले, गालाखाली तळहात घेतला. "स्तांको."

बाबा म्हणाले, "म्हणजे दमला."

"एवढंच?" आई म्हणाली. तिला खरोखर नवल वाटलं होतं. एवढा दांडगा पुरुष, दुसऱ्याच्या दारात पहिल्यांदा आलेला, आणि पाणी प्यायच्या आधी सांगतो काय, तर मी दमलो! वाढता वाढता ती मला हळूच म्हणाली, "आणि सांगितलं कसं बघ. जसं काही बक्षीस मिळालंय."

त्या दिवसापासून तो रोज यायला लागला. कारखान्याची गाडी त्याला सोडून जायची आणि जेवल्यावर घेऊन जायची. आईला तो 'सिन्योरा' म्हणायचा. आईने पहिल्याच दिवशी दुरुस्ती केली, "मी सिन्नरची नाही हो, निफाडची." तो आदराने मान लववून म्हणाला, "सि, सि, सिन्योरा." "बघा, परत सिन्नर!" बाबांनी समजूत काढली, "अगं, लांबचा माणूस. त्याला सिन्नर काय आणि निफाड काय." यावर आई बाबांशी दोन दिवस बोलली नाही.

एकदा ती त्याच्या पानात आणखी एक भाकरी टाकायला गेली, तर त्याने पानावर दोन्ही हात आडवे धरले. "बस्ता! बस्ता!" आईचा हात जागीच थांबला. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला कळतं. "कुणाचं लग्न निघालं रे?" तिने मला विचारलं. मी दुभाष्याच्या कर्तव्याने गळ्यापाशी मंगळसूत्राची खूण केली. त्याला वाटलं मी त्याच्या बायकोची चौकशी करतोय. त्याने पाकिटातून बायको आणि मुलीचा फोटो काढला. मुलगी लग्नाची झाली होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं. झालं! पुढच्या सुट्टीला बाबा त्याला एसटीने येवल्याला घेऊन गेले. त्यांच्या भाषेत 'बस्ता' म्हणजे 'पुरे' हे आम्हाला कळलं, तेव्हा तो हातात पैठणी घेऊन, गोंधळलेल्या पण अतिशय प्रसन्न चेहऱ्याने परत आला होता. ती पैठणी तिकडे कुणी नेसली की खिडकीला लावली, देव जाणे.

अशी सगळी मजा चालली होती. पण आईचा रंग काही परत येत नव्हता. त्यात भात लावायचे दिवस आले. आईच्या हाताखाली भाकरी थापायला सुरगाण्याकडची एक मावशी होती. ती दर वर्षीसारखी आवणीसाठी गावी गेली. "काकू, भात लावून झाला की येतेच," असं सांगून जीपच्या टपावर गाठोडं टाकून गेली, आणि सगळ्या भाकरी आईच्या एकटीच्या हातांवर आल्या. मी मदतीला गेलो तर माझी भाकरी महाराष्ट्राच्या नकाशासारखी व्हायची, आणि आई ती कोकणापासून परत थापायला घ्यायची.

पाहुण्याचा एक नेम होता. जेवण झालं की तो मागे टेकायचा, "सोनो स्तांको" म्हणायचा आणि मग आईकडे वळून विचारायचा, "ए लेई, सिन्योरा? स्तांका?" म्हणजे, आणि तुम्ही हो, बाई? आई हसून मान हलवायची आणि ताट उचलायची. एका संध्याकाळी पोरं जेवून गेली होती. आई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. आई थट्टेने म्हणाली, "हो रे बाबा, स्तांको."

तो ताडकन उठला. "नो, नो, नो!" स्वतःच्या छातीवर बोट ठेवून, "स्तांको." आईकडे हात करून, "स्तांका! स्तांका!"

मला एकदम उलगडलं. मी म्हटलं, "आई, हे तर आपल्यासारखंच आहे. तो म्हणतो दमलो, तू म्हणायचं दमले. इंग्रजीत असं नाही. तिथे बाई आणि बाप्या एकाच शब्दात दमतात."

आईने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "म्हणजे त्यांच्यात बाईच्या दमण्याला वेगळा शब्द करून ठेवलाय?"

"आपल्यातही आहे की. दमले."

"आहे खरा," आई म्हणाली. "पण त्याची घडी कुठं मोडलीय कुणी?"

दुसऱ्या दिवसापासून माझी आई इटालियनमध्ये दमायला लागली. कणीक मळताना म्हणायची, "स्तांका." कुकरची शिट्टी व्हायची आणि ती कुकरला सांगायची, "स्तांका गं बाई, स्तांका." खानावळीतली पोरं विचारायची, "काकू, काय म्हणता?" "इटालियन आहे ते. तुम्ही जेवा." त्या भाषेत तिला कुणाची बंदी नव्हती. सासूबाई वरून ऐकत असल्या तरी त्यांना काय डोंबल कळणार होतं! आम्ही मात्र तो गमतीचा भाग धरून चाललो. मी हसायचो, बाबा हसायचे. एक तो पाहुणाच काय तो हसायचा नाही. तिने 'स्तांका' म्हटलं की तो जेवता जेवता उठायचा, प्लास्टिकची खुर्ची आणून तिच्यामागे ठेवायचा आणि ती बसेपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. आई दोन क्षण टेकायची, लाजायची आणि परत उठायची.

असाच एकदा आईच्या हातातून भाताचं पातेलं निसटता निसटता त्याने झेललं. जेवण टाकून त्याने मला दंड धरून ओट्यावर नेलं आणि म्हणाला, "मामा स्तांका. स्तांका देंत्रो!"

त्यांच्यात 'मामा' म्हणजे आई आणि 'देंत्रो' म्हणजे आत, एवढं मी कारखान्यात शिकलो होतो. मी म्हटलं, "हो हो, आई आतच आहे. भांडी आवरतेय."

त्याने कपाळावर असा हात मारून घेतला की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या गेल्या तो मला आमच्या जुन्या मशीनपाशी घेऊन गेला. बाहेरून नवा हिरवा रंग दिलेला, चकचकीत. त्याने झाकण उघडलं आणि आतला दांडा हाताने फिरवला. करकर करकर असा आवाज आला, दात शिवशिवतील असा. "देंत्रो," तो म्हणाला. मग दांड्यावरचा हात काढून स्वतःच्या छातीवर ठेवला. "मामा."

मी साहेबांना विचारायलाही थांबलो नाही. रिक्षा केली, घरी आलो, आईच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि तिला तशीच पिठाच्या हातांनी डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "काय काकू, थकवा?"

"छे," आई म्हणाली.

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मग भाजीवालीकडे जास्तीची कोथिंबीर मागावी तशा आवाजात म्हणाली, "स्तांका."

"काय?"

"इटालियन आहे, डॉक्टर," मी म्हटलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "काकू इटालियन कधीपासून बोलायला लागल्या?"

"आमच्याकडे पाहुणा जेवायला असतो, त्याचं शिकलीय. ती म्हणतेय, मी दमलेय."

"अहो मग मराठीत सांगा ना, काकू!"

आईने जोरात मान हलवली. "मराठीत काही झालेलं नाही मला."

डॉक्टर शहाणा माणूस. त्यांनी पेन खाली ठेवलं, खुर्ची माझ्याकडे वळवली आणि गंभीरपणे म्हणाले, "बरं. मग त्यांना विचारा, किती दमायला होतं?"

जगात कुठल्या दवाखान्यात असं झालं नसेल. डॉक्टर मराठीत विचारत होते, आईला ते मराठीत कळत होतं, ती उत्तर इटालियनमध्ये देत होती आणि मी ते परत मराठीत आणत होतो. "मोर्ता," आई म्हणाली. "मेल्यासारखी दमते," मी सांगितलं. पायऱ्या चढताना? "पियानो, पियानो," आणि छातीवर हात. "हळूहळू चढावं लागतं, धाप लागते." तहान? "सेते, सेते." तिचं इटालियन मूठभर होतं आणि सांगायचं तर पोतंभर. ते शब्द संपले तरी ती थांबली नाही. तिच्या नकळत ती मराठीत घसरली, "...आणि तव्यावर भाकरी टाकताना डोळ्यांपुढं काळं येतं हो. तवा कुठंय तेच दिसत नाही. हाताच्या सवयीनं टाकते."

मी भाषांतर करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

डॉक्टर उठले. त्यांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली औषधालाही नव्हती, धुतलेल्या तांदळासारखं पांढरं. "अहो, ही बाई उभी कशी?" ते मलाच रागावून म्हणाले.

उत्तर आईने दिलं. "बसले तर उठता येत नाही, म्हणून."

त्याच दिवशी तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. रक्त फारच उतरलं होतं. आणखी उशीर केला असता तर हृदयाने हात टेकले असते, असं तिथल्या डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं. बाबा खांबाला टेकले. या वेळी ऊन लागलं असं काही ते म्हणाले नाहीत.

रक्त द्यायला माणसं हवी होती. मी खानावळीतल्या पोरांना निरोप दिला आणि दवाखान्याच्या दारात जी गर्दी झाली ती बघून वॉचमनला वाटलं मोर्चा आलाय. कारखान्यात पाना घेऊन धावलेला तो सुरगाण्याचा पोरगा सगळ्यात पुढे. "काकूचं खाऊनच झालंय ना हे रगात, घ्या की!" इगतपुरीची पोरं भिजलेल्या कपड्यांनी आली, ओझरहून बाबांच्या खात्यातली माणसं आली. आईच्या अंगात आज अर्धा नाशिक जिल्हा वाहतोय, तालुकानिहाय. पाहुण्यानेही बाही वर करून हात पुढे केला होता, पण त्याचा गट जुळला नाही. तो फार हिरमुसला. आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरंच झालं की. नाहीतर मलाही ठेचा तिखट लागायला लागला असता." त्या वेळी तिच्या ओठांना जरा रंग आला होता. मी बाहेर जाऊन रडून आलो आणि सगळ्यांना सांगितलं की जरा ऊन लागलं. आषाढ होता.

घरी आल्यावर तिला कॉटवरून उठायची मनाई होती. खानावळ बंद ठेवायची तर तिला ते आजारापेक्षा वाईट वाटलं असतं. म्हणून मी, बाबा आणि पाहुणा असे तिघं स्वयंपाकघरात शिरलो. त्या घराने पाहिलेलं हे सर्वांत मोठं संकट. एका रविवारी पाहुण्याने सांगितलं की आज मी करणार. त्याला हवा तो जिन्नस नाशकात मिळेना, तेव्हा त्याने आईच्या डब्यातल्या हातच्या शेवया घेतल्या, टोपलीभर टोमॅटो आणि लसूण घातला, आणि वर बाबांनी त्याची नजर चुकवून काळा मसाला. पोरांच्या पानात ते पडलं तेव्हा पोरं पानाकडे बघतच राहिली. गोडाच्या शेवया तिखट कशा, हे कुणाच्या डोक्यात शिरेना. पण एकाही पोराने पान टाकलं नाही. आतून आई कॉटवरून ओरडली, "काय, बेने का रे?" आणि सगळी खोली एका आवाजात ओरडली, "बेने, काकू!" त्या ओरडण्याने शेजारच्या घरांची कौलं सरकली, हे मी स्वतः नंतर चढून नीट केली म्हणून सांगतोय.

भात लावून मावशी परतली तेव्हा आमची सुटका झाली. स्वयंपाकघराची दशा बघून ती एवढंच म्हणाली, "लय दिस ऱ्हायले का मी?" आणि पदर खोचला. आईने तिच्यावर अर्धी खानावळ सोपवली. रविवारी संध्याकाळी चूल बंद, हा नियम तेव्हापासून झाला. पोरांनीच केला तो.

मशीन चालू झालं आणि पाहुण्याच्या जायची वेळ आली. आईने त्याला चिवडा, काळा मसाला आणि शेवया असं बांधून दिलं की विमानात त्याचीच बसायची पंचाईत व्हावी. जाताना तो ओट्याखाली उभा राहून खूप वेळ बोलला, सगळं इटालियनमध्ये. मला त्यातलं काही कळलं नाही आणि मी त्याचं पूर्ण भाषांतर केलं. आई ऐकून म्हणाली, "तू नको सांगूस. कळलं मला." आणि त्याला म्हणाली, "ग्रात्सिए, भाऊ." आभार मानायचा हा शब्दही त्यानेच दिला होता. आमच्या घरात त्याचंही चलन फारसं नव्हतं.

तो परत आला नाही. त्याचा पत्ता आमच्याकडे नव्हता, आणि त्याला आमचा पाठ असेल तर तो 'सिन्योरा, सातपूर' एवढाच असणार. पण त्याचे शब्द आमच्या वस्तीत कितीतरी वर्षं फिरत होते. रिक्षावाले, पानवाले, नळावर भांडणाऱ्या बायका, सगळ्यांच्या तोंडी स्तांको आणि स्तांका. भांडण मिटवायला बस्ता. पुढे ती पोरं पांगली, वस्तीत नवी माणसं आली आणि शब्द झिजत गेले. माझ्या मनात मात्र त्या मिशीवाल्या माणसाबद्दल कृतज्ञता आहे ती तशीच आहे. त्याने गोळ्यांचं मशीन बसवलं त्याचा पगार त्याला मिळाला असेल. दुसऱ्या कामाचा हिशेब कुणी कसा करायचा?

दोन हजार साल उलटून गेलं होतं. बाबा निवृत्त झाले होते, खानावळ जवळजवळ मावशीच बघत होती. आई निफाडला भाचीच्या लग्नाला गेली होती, ती दुपारच्या एसटीने परतली. मी आणि बाबा ओट्यावर बसलो होतो. तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पाय लांब करून बसली आणि म्हणाली, "अहो, दमले मी."

बाबांनी पेपर खाली केला आणि जुन्या सवयीने माझ्याकडे पाहिलं, मी काय सांगतो त्याची वाट बघत. मी रस्त्याकडे तोंड केलं. मग ते उठले, धोतर सावरलं आणि आत गेले. आतून मांडणीची खुडबुड ऐकू आली, एक झाकण पडलं, ते गोल गोल फिरत राहिलं, थांबलं.

"अगं," आतून हाक आली, "पाणी प्यायचे पेले कुठं असतात?"

"वरच्या फळीवर," आई डोळे मिटूनच म्हणाली. "आणि येताना गुळाचा खडा आणा."